तुटायची शिस्त



येताना मी पिशवीतून तीन वस्तू आणल्यात. एक चहाची बशी, एक शिनाण्याचा शिंपला आणि थर्मासमध्ये ठेवलेली कोकम सरबताची गोठवलेली कांडी. कांडी वितळायच्या आत तिच्यापर्यंत पोचायचं आहे, म्हणून प्रास्ताविक आटोपतं घेतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं नाव तुमच्या हातातल्या पत्रिकेवर आहे. आमच्यासाठी ते नुसते ‘सर’ होते. आम्ही आठवीत असताना एकदा ते वर्गात दोन मडकी घेऊन आले. दिसायला दोन्ही सारखी. त्यांनी बोटाच्या पेराने दोन्ही वाजवली. एक टणकन बोललं, दुसरं बद्द वाजलं. “दुसऱ्याला काय झालंय?” आम्ही मडकं उलटंपालटं करून पाहिलं, काही दिसेना. मग सरांनी त्यात पाणी ओतलं आणि आम्हाला बीजगणित शिकवायला लागले. तासाच्या शेवटी मडक्याच्या पोटावर केसासारखी एक ओली रेघ उमटली होती. सर म्हणाले, “हे मडकं फुटायचंय अजून. पण कुठून फुटणार, ते आजच ठरलंय.”

या एका वाक्यापायी मी जन्मभर भट्टीजवळ राहिलो, असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण ते खरं नाही. नोकरी मिळाली म्हणून गेलो. वाक्य मात्र सोबत आलं, आणि आजचं व्याख्यान त्याच वाक्याबद्दल आहे.

सिरॅमिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मडकं, कौल, वीट, कपबशी, न्हाणीघरातली फरशी. माती भाजली की जे होतं ते. पण मोटारसायकलच्या स्पार्क प्लगचा तो पांढरा भाग आठवा. तो ॲल्युमिना, तोही सिरॅमिकच. कुणाच्या खुब्याचा सांधा बदलला असेल, तर आतला गोळाही बऱ्याचदा याच कुळातला असतो. ॲल्युमिना २००० अंश सेल्सिअसच्याही वर गेल्याशिवाय वितळत नाही. वजनाला पोलादाच्या साधारण निम्मा. गंजत नाही, झिजायचं नाव घेत नाही, आम्लाला भीत नाही. इतका गुणी पदार्थ हाताशी असताना आपण मोटारीचं इंजिन पोलादाचं आणि ॲल्युमिनियमचं का करतो? उत्तर तुमच्या घरातल्या प्रत्येक लहान मुलाला माहीत आहे. पडलं की फुटतं.

का फुटतं? पोलादावर घाव बसला की त्याच्यातले अणू एकमेकांवरून सरकतात. पत्रा पोचतो, वाकतो, पण एकसंध राहतो. सिरॅमिकचे अणू जागचे हलायला तयार नसतात. म्हणून तर ते इतकं कठीण असतं, आणि म्हणूनच ते फुटतं. गुण आणि दोष एकाच मुळातून आलेत. गावातल्या काही माणसांचंही तसंच असतं, पण तो विषय आजचा नाही.

आता कापडाच्या दुकानात चला. दोन मीटर कापड फाडायचं असतं तेव्हा दुकानदार काय करतो? काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन ओढतो. चीर नसेल तर पैलवानालाही ते कापड सरळ फाडता येणार नाही. ओढ सगळ्या कापडावर असते, पण तिचा भार चिरेच्या टोकावर गोळा होतो. एक धागा तुटतो, भार पुढच्या धाग्यावर येतो, तोही तुटतो. इंग्लंडमध्ये फार्नबरोला विमानांवर काम करणाऱ्या ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरने १९२१ साली छापलेल्या निबंधात काचेच्या बाबतीत हेच गणिताने मांडलं. काचेचा जाड दांडा तुटतो त्याच्या कितीतरी पट ताण तीच काच बारीक तंतू करून ओढली तर सोसते. काच तीच आहे, मग फरक कशाचा? तर तंतूत मोठी भेग मावायला जागाच नसते. म्हणजे काच मुळात दुबळी नाही. तिला आधीच पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा दुबळं करतात.

याचा प्रसाद मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मिळाला. आम्ही पंपासाठी ॲल्युमिनाच्या कड्या करत होतो. भट्टी उघडली, कड्या देखण्या निघाल्या, आणि चाचणीच्या यंत्रावर एकामागून एक फुटायला लागल्या. तुटलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तुटलेल्या पृष्ठभागावरच्या रेषा नदीच्या फाट्यांसारख्या असतात, त्यांच्या उलट दिशेने चालत गेलं की उगम सापडतो. उगमाशी एक लांबट पोकळी होती. झाडूच्या काडीचा बारीक तुकडा पावडरीत पडला होता. भट्टीत काडी जळून गेली आणि तिच्या आकाराचं भोक तेवढं उरलं. पावडर चाळून घ्यायची जबाबदारी माझी होती. कुठून फुटणार ते मीच ठरवून ठेवलं होतं!

यावर आमच्या धंद्याने अनेक दशकं एकच उपाय केला, तो सोवळ्याचा. पावडर आणखी शुद्ध करा, आणखी बारीक करा, धूळ नको, काडी नको, बुडबुडा नको. यातून उत्तम माल निघाला, ते मी नाकारत नाही. पण सोवळं कितीही कडक पाळलं तरी माल वापरात गेल्यावर त्याला कुठे ना कुठे ओरखडा पडतोच. मग दुसरा रस्ता आहे का? भेग पडणारच, हे आधी मान्य करायचं, आणि ती पडल्यावर तिने कुठे जायचं ते आपण ठरवायचं. हा रस्ता माणसाला सुचण्याच्या फार फार आधीपासून समुद्राच्या तळाशी वापरात आहे.

हा शिंपला बघा. तुम्ही हा खाऊन उकिरड्यावर फेकता. बाहेरून हिरवट, आतून मोत्यासारखा. तो आतला चमकदार थर म्हणजे इंग्रजीत नेकर. मी मोतीथर म्हणतो. (तिसऱ्यांच्या शिंपल्यात हा थर नसतो. शिंपले सगळे एका घराण्यातले नाहीत.) मोतीथर साधारण ९५ टक्के चुनखडी आहे. आपल्या कोकणात पूर्वी शिंपले भाजून घराला लावायचा चुना करत, तो उगाच नव्हे. चुनखडी म्हणजे किती कच्चा माल! खडू हातातून पडला की त्याचे तीन तुकडे. आणि तरीही मोतीथर तोडायला लागणारी ऊर्जा निव्वळ खनिजाच्या सुमारे ३००० पट असते, असा आकडा या विषयात सर्वत्र सांगितला जातो. आकड्यावर फार विसंबू नका, कारण काय मोजलं आणि कसं मोजलं यावर तो हलतो. ब्रिटनमध्ये जॉन करी यांनी १९७७ साली मोतीथर ओढून, ताणून पाहिला. पुढे तिथल्याच जॅक्सन, व्हिन्सेंट आणि टर्नर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की ओला शिंपला सुक्यापेक्षा चिवट असतो. पण आकडा निम्मा धरला तरी प्रश्न उरतोच. खडूच्या भावाला हे जमतं कसं?

जमतं ते बांधकामामुळे. मोतीथर म्हणजे विटांची भिंत आहे. एकेक वीट सुमारे अर्धा मायक्रॉन जाड आणि पाच ते दहा मायक्रॉन रुंद. तुमच्या केसाच्या जाडीत अशा दीडेकशे विटांची चवड राहील. दोन थरांमध्ये गारा आहे, तोही विटेच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाइतका. तो प्रथिनांचा आणि कायटिनचा. कायटिन म्हणजे कोळंबीच्या सालीत असतं ते. आता भेग आत शिरली असं समजा. पहिली वीट ओलांडून ती गाऱ्यापाशी येते. गारा मऊ आहे, विटेपेक्षा कमजोर आहे. सरळ पुढची वीट फोडण्यापेक्षा गाऱ्यातून आडवं वळणं तिला सोपं जातं, म्हणून ती वळते. मग पुन्हा वळते. विटा एकमेकींवरून किंचित सरकतात, पण त्यांचे पृष्ठभाग खडबडीत आणि थोडे लाटेसारखे असल्याने लगेच अडकतात. गारा तारेसारखा ताणला जातो. आडव्यातिडव्या गल्ल्यांतून फिरता फिरता भेगेची सगळी शक्ती संपते.

यातली एक गोष्ट मी दोनदा सांगणार आहे, कारण माझ्या मते सगळा विषय तिच्यातच आहे. गारा विटेपेक्षा कमजोर आहे, म्हणून भिंत टिकते. गारा विटेइतकाच पक्का असता, तर भेगेला वीट आणि गारा यांतला फरकच कळला नसता आणि ती आरपार गेली असती. पुन्हा सांगतो, कमजोर गारा आहे म्हणून भिंत टिकते. मात्र तो योग्य जागी कमजोर हवा, आणि योग्य तितकाच कमजोर हवा. फार कमजोर झाला तर विटा सुट्या होतील.

प्राण्यांनी या एका युक्तीवर भागवलेलं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या राणी शंखात गारा जेमतेम एक टक्का असतो. तिथे चुनखडीच्या पट्ट्या प्लायवूडसारख्या एकमेकींना छेद देत रचलेल्या असतात. पण शंखाकडे मी वळत नाही, कारण आपल्या अगदी शेजारची एक गोष्ट मला सांगायची आहे.

गोव्यात पणजीला किंवा मडगावला जुन्या घरांसमोर उभं राहा. काही खिडक्यांना काच नाही. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत तळहाताएवढे चौकोनी कापलेले पातळ शिंपले बसवलेले आहेत. काच महाग होती तेव्हाची ही सोय. आतून पाहिलं तर उन्हाचं दूध झाल्यासारखा उजेड येतो. प्राणिशास्त्रात या शिंपल्याचं नाव प्लॅकुना प्लॅसेंटा. दिसणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के तो आरपार सोडतो. वजनाने तो ९९ टक्के कॅल्साइट आहे. म्हणजे गारा जवळजवळ नाहीच! मग हे कवच एखाद्या टोकदार दातापुढे टिकतं कसं?

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी यावर २०१४ साली काम प्रसिद्ध केलं. हिऱ्याच्या बारीक टोकाने त्यांनी हा शिंपला दाबला आणि त्या खड्ड्याभोवती काय होतं ते पाहिलं. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून एका बाजूला रेटला की तो तिरका होतो ना, तसे स्फटिकाचे थर दाबाखाली कलतात आणि मूळच्या रचनेची आरशातली प्रतिमा झाल्यासारखे बसतात. याला जुळे स्फटिक म्हणतात. प्रत्येक जुळं थोडी ऊर्जा खातं, आणि जुळ्यांच्या सीमांवर पुढचं नुकसान अडतं. परिणाम असा की एकसंध कॅल्साइटपेक्षा हे कवच दहाएक पट ऊर्जा जिरवतं. आणि नुकसान? खड्ड्यापुरतं. बाकीचं तावदान पूर्ववत पारदर्शक. आज लढाऊ वाहनांच्या खिडक्यांना जी पारदर्शक सिरॅमिक लागतात, त्यांच्यासाठी लोक याच्याकडे पाहताहेत ते यामुळे. एक गोळी लागल्यावर सगळी काच तड्यांनी पांढरी झाली, तर आतल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नाही.

बरं, शिंपल्याचं कौतुक झालं. माणसाने काय केलं?

पहिलं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण ते स्वयंपाकघरातलं वाटतं. १९९० साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकची पावडर पॉलिमरमध्ये मळली, तिची पोळीसारखी पानं लाटली, प्रत्येक पानाला ग्रॅफाइटचा हात दिला, पानं एकावर एक रचली आणि भाजली. चिरोटे करणाऱ्या बायका हसताहेत, मला दिसतंय. चिरोट्याला आपण साटा कशासाठी लावतो? पुड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. साटा नसेल तर चिरोट्याची कडक पुरी होते. ग्रॅफाइट हा त्यांचा साटा. भेग प्रत्येक थराला वळत गेली, आणि तो तुकडा तोडायला लागणारी मेहनत शंभर पटीहून जास्त झाली.

आता कांडी. (पाहा, अजून आहे.) ही बाहेरून फिकट झालीय आणि मध्यभागी गडद लाल. रंग तर सगळ्या सरबतात सारखा मिसळलेला होता. पाणी गोठताना शुद्ध बर्फ होऊ पाहतं. साखर, कोकम, मीठ, जे परकं असेल ते बाजूला ढकलतं. समुद्राचा बर्फ मूळच्या पाण्यापेक्षा कमी खारट असतो तोही म्हणूनच. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या प्रयोगशाळेत देव्हिल, साइझ, तोम्सिया आणि त्यांच्या मंडळींनी २००६ मध्ये साखरेच्या जागी सिरॅमिकची पावडर घातली. पाण्यात कालवून एका बाजूने गोठवायला लागले. बर्फाचे पातळ पत्रे उभे वाढत गेले आणि पावडर त्यांच्यामधल्या फटींत दाटली. मग बर्फ वितळू न देता निर्वातात उडवला आणि उरलेला सांगाडा भाजला. हातात काय आलं? शेकडो पातळ पापुद्र्यांचं सिरॅमिक, शिंपल्याच्या थरांसारखं. गोठवण्याचा वेग वाढवला की पापुद्रे पातळ होतात. ना कारागीर, ना सुई-चिमटे. बर्फच गवंडी.

२००८ मध्ये त्याच गटाने रॉबर्ट रिची यांच्याबरोबर हा सांगाडा दाबून विटांसारखा केला आणि फटींत ॲक्रिलिक भरलं. होय, कवळीचा गुलाबी भाग करतात ते. ॲल्युमिना ठिसूळ, ॲक्रिलिकही फारसं चिवट नाही. दोघांच्या मिश्रणाला तोडायला मात्र त्या दोघांपेक्षाही ३०० पट ऊर्जा लागली. दोन कच्च्यांचा एक पक्का! तरी एक अडचण होतीच. ॲक्रिलिक तापलं की मऊ पडतं. ज्या उष्णतेसाठी सिरॅमिक हवं, तिथेच ते निकामी. म्हणून फ्रान्समध्ये बूव्हिल, देव्हिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये गाराही सिरॅमिकचाच केला. ॲल्युमिनाच्या चपट्या कणांच्या विटा आणि भट्टीत वितळणाऱ्या काचेसारख्या पदार्थाचा गारा. हा तुकडा ६०० अंशांनाही चिवट राहिला, आणि चिवटपणाच्या मापावर नेहमीच्या ॲल्युमिनापेक्षा पाच-सहा पट वर गेला. तिकडे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात बार्थेलाच्या गटाने उलट्या बाजूने सुरुवात केली. चांगल्या काचेत लेझरने मुद्दाम बारीक भेगांची नागमोडी ओळ कोरली आणि काच २०० पट चिवट केली. भेग पाडून काच टिकवायची! माझ्या नोकरीच्या काळात हे कुणी सुचवलं असतं तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता जरा थंड डोक्याने. निसर्ग या विषयावरच्या व्याख्यानांत वक्ते हमखास भक्तिभावात शिरतात. मला ते जमत नाही. शिंपला चुनखडीचा आहे, कारण समुद्रात त्याला चुना मिळतो. त्याला १५०० अंशांची भट्टी परवडत नाही, आणि त्याला जेट इंजिनात बसायचंही नाही. आपली गरज वेगळी, आपला माल वेगळा. त्याची नक्कल करायची नाही. त्याचं गणित उचलायचं. चीनमध्ये हफेई इथे २०१६ साली यू शुहोंग यांच्या गटाने भट्टीशिवाय, कायटिनच्या चौकटीत हळूहळू चुनखडी बसवून काही आठवड्यांत कृत्रिम मोतीथर केला. सुंदर काम आहे. पण त्याची टर्बाइनची पाती होणार नाहीत.

उलट, पाती जिथे फिरतात तिथे काय झालं ते पाहा. २०१६ पासून प्रवासी विमानांत लीप नावाचं जेट इंजिन वापरात आहे. त्याच्या टर्बाइनभोवतीच्या कड्याचे भाग सिलिकॉन कार्बाइडचे आहेत, सिलिकॉन कार्बाइडच्याच तंतूंनी बांधलेले. प्रत्येक तंतूवर बोरॉन नायट्राइडचा कमजोर लेप आहे, भेग तंतूपाशी वळावी म्हणून. तोच कमजोर गारा! हे शिंपल्याकडे पाहून केलेलं नाही. तंतूंवर काम करणारे इंजिनिअर आपल्या वाटेने तिथे पोचले. दोन वेगळ्या वाटांनी चालणारे एकाच मुक्कामाला आले, म्हणजे मुक्काम खरा आहे, असं मी समजतो.

आणि तिसरी वाट आपल्या घरातली. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले आहेत. आमची आजी चुलीच्या मातीत तूस घालायची. का, विचारलं तर म्हणायची, “नाहीतर तडकते.” एवढंच. यावरून आपल्या पूर्वजांना नॅनो-तंत्रज्ञान अवगत होतं वगैरे भाषणं ठोकू नका, कृपा करून. त्यांना माती वाळताना कशी तडकते ते ठाऊक होतं आणि तडा थांबवायला काय घालायचं ते ठाऊक होतं. तेवढं पुरेसं मोठं आहे.

अडचणी अजून बऱ्याच आहेत. बर्फाच्या रीतीने अंगठ्याएवढा तुकडा सुबक होतो. ताटाएवढा करायला जाल तर एका टोकाला पापुद्रे पातळ, दुसऱ्या टोकाला जाड, आणि भाजताना तो आकसून वाकतो. एक तुकडा करून दाखवणं आणि रोज हजार सारखे तुकडे काढणं यांत काय अंतर असतं, ते ज्याने भट्टी चालवलीय त्यालाच विचारा. प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर भाळून उद्याच सिरॅमिकची मोटार येईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

बशी राहिली, ती फोडायला आणली होती. संयोजक म्हणताहेत, नवी फरशी आहे. राहू दे.

शिंपले मात्र बाहेरच्या टेबलावर टोपलीभर ठेवलेत, कालच्या जेवणातले, धुऊन. जाताना मुलांसाठी एकेक न्या. घरी गेल्यावर तो हातोड्याने फोडू नका, पकडीत धरून हळू वाकवत मोडा, आणि मोडलेली कड भिंगाखाली धरा. विटा दिसणार नाहीत, त्या फार लहान आहेत. पण कड काचेसारखी सपाट नाही, पायऱ्यापायऱ्यांची आहे, एवढं दिसेल. मग एक शिंपला रात्रभर पाण्यात भिजवून मोडून बघा आणि एक आठवडाभर उन्हात सुकवून. कुठला जास्त सोसतो, ते मला कळवा.